भरल्या गाडीचं माप

आमच्या वहिनीच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला पाना पुरत नाही, क्रेन लागते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. बावीस वर्षं मी तिची नणंद आहे, आणि त्यातली निम्मी तरी तिच्याशी भांडण्यात गेली.

वहिनी डिझेलचा फोर-व्हील ट्रक चालवते. डोंगरावर फोनचे मनोरे आहेत. तिथली वीज गेली की जनरेटर वर न्यायचा, काम झालं की खाली आणायचा. रस्ता म्हणाल तर दगड, एक ओढा, आणि पुढे बराच वेळ गाडी एका कुशीवर कललेली. जनरेटर नऊशे किलोचा. वर्षानुवर्षं त्याला पाठीवर घेऊन ट्रक मागून असा बसला होता की पुढचे दिवे रस्त्याऐवजी झाडांचे शेंडे दाखवायचे. ओढ्यात मागची बाजू दगडांना घासायची. एकदा टाकीला पोचा आला आणि कंपनीच्या यार्डाच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"आठ दिवसांत गाडी सरळ करा," साहेब म्हणाले. "तपासणीत पुढच्या-मागच्या उंचीत एक इंचाहून जास्त फरक निघाला, तर गाडी डोंगरावर जाणार नाही. ऑफिसात जागा आहे. फोन घ्यायचे, पंख्याखाली बसायचं. तुमच्यासाठी तेच बरं."

तुमच्यासाठी तेच बरं, म्हणे. घरी येऊन वहिनीनं कढई अशी आदळली की शेजारीण डोकावून गेली.

"त्या खुर्चीत मी मेले तरी बसणार नाही," ती म्हणाली. दादा पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं, एवढंच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. आधी तोच डोंगरावर गाडी न्यायचा. चार वर्षांपूर्वी त्या कललेल्या रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला आणि उजवा पाय कायमचा कामातून गेला. रस्त्याची कडा ढासळली, असं त्यानं सांगितलं. त्या सकाळी वहिनीनं त्याला लवकर या म्हणून फोन केला होता. मी तेवढंच धरून बसले. "तुझ्या फोनमुळे त्याला घाई झाली," हे मी तिला हॉस्पिटलच्या जिन्यात सुनावलं, आणि नंतरही निमित्त मिळेल तेव्हा. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. सहा महिन्यांनी लायसन्स काढून ती यार्डात उभी राहिली. दादा घरी बसला तो बसलाच. त्यानंतर कुठल्याच ट्रकच्या जवळ तो फिरकला नाही.

गाडी सरळ करायची म्हणजे उस्तादच्या गॅरेजात जाणं आलं. उस्ताद हुशार माणूस, पण बोलताना समोरच्याला शाळेत बसवतो. वहिनीनं त्याच्याकडून आधी दोनदा काम करून घेतलं होतं. पहिल्यांदा त्यानं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा घातला. दुसऱ्यांदा ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे ठेवून गाडी उचलली. दोन्ही वेळा गाडी गॅरेजातून नवरीसारखी बाहेर पडली आणि महिन्याभरात पुन्हा बसली.

या खेपेला मी तिच्याबरोबर गेले, कारण माप धरायला दुसरा हात हवा होता आणि तिची टेप तुटली होती. माझी टेप कायम गळ्यातच असते. मी कपडे शिवते.

गॅरेजचा नियम असा की माल उतरवून गाडी आणायची. आत जागा कमी, आणि वजन असलं की जॅक घसरायची भीती. सगळ्या यार्डाच्या गाड्या तशाच जायच्या. आम्हीही जनरेटर यार्डात उतरवून गेलो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत मी टेप धरली. पुढे एकवीस इंच, मागे साडेवीस.

"बघितलंत?" उस्ताद म्हणाला. "फार बसलेली नाही. सगळीच जरा खाली आहे. गाडी उंच करायचा चार इंचांचा सेट टाकू, पुढे-मागे सारखा. यार्डातल्या सगळ्यांनी तोच टाकलाय. रुबाब बघा त्या गाड्यांचा."

"हे साडेवीस खरं नाही," मी म्हणाले. मला गाडीतलं काही कळत नाही, पण मापातलं कळतं. "माझ्याकडे शिवायला एकजण येतो, माप घेताना पोट आत ओढून उभा राहतो. मग शर्ट शिवून झाला की बटण लागत नाही म्हणून माझ्याच नावानं खडे फोडतो. हिचं पोट तुम्ही यार्डात काढून ठेवलंत की."

उस्ताद हसला. वहिनी हसली नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"वन्सं," ती म्हणाली. ही हाक ती फक्त चिडवायला किंवा लाडात आली तर मारते. "जन्मात पहिल्यांदा कामाचं बोललीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जनरेटर चढवलेला ट्रक घेऊन गेली आणि गॅरेजच्या फाटकाला आडवा लावून उभी राहिली. ना कोणी आत, ना कोणी बाहेर. उस्ताद हात पुसत आला.

"माल उतरवल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"हात लावू नका. नुसतं बघा. नणंदबाई, टेप."

मी रस्त्यावर उकिडवी बसले. पुढे एकवीस. मागे साडेसतरा. उस्तादनं माझ्या हातातून टेप घेऊन स्वतः मोजलं. साडेसतराच.

"मागचे पाटे मेलेत," वहिनी म्हणाली. "नऊशे किलो कायम वागवतील असे नवे पाटे टाका, त्याला साजेसे शॉकॲब्सॉर्बर टाका. पुढे इंजिनाच्या वजनाला पुरेल एवढी जाड स्प्रिंग. माल असताना पुढे-मागे बावीस इंच भरलं पाहिजे. त्याच्यावर अर्धा इंचही नको."

"एकच इंच वाढवायचा? अहो, रिकामी असताना मागून गाढवासारखी उडेल. लोक हसतील. चार इंच घ्या. तुमच्या मिस्टरांनाही मीच बसवून दिले होते. किती खूश होते."

"म्हणूनच नको," वहिनी म्हणाली.

तेव्हा मला ते बोलणं खटकलं. गेलेल्या गोष्टीवरून माझ्या भावाला कशाला टोचायचं, असं वाटलं आणि मी रस्ताभर तिच्याशी अबोला धरला. काम मात्र तिच्या मनासारखं झालं. उस्ताद कुरकुरत होता, तरी पाटे चोख बसवले त्यानं. ओझ्यासकट दोन दिवस ती डोंगर चढून आली. ओढ्यात कुठे घासलं नाही. दिवे रस्त्यावर पडले.

तपासणीच्या दिवशी मी यार्डात गेले, आणि कसा कोण जाणे, दादाही काठी टेकत माझ्याबरोबर आला. फाटकाशीच थांबला. साहेबांनी जनरेटर उतरवून ठेवला होता. तपासणीला गाडी रिकामी, हा तिथलाही नियम. वहिनीचा ट्रक मागून शेपूट वर करून उभा होता आणि दहा-बारा ड्रायव्हर पोट धरून हसत होते.

साहेबांनी मोजलं. पुढे बावीस, मागे पंचवीस. "तीन इंचांचा फरक. नापास."

"जनरेटर चढवा आणि मग मोजा," वहिनी म्हणाली.

"क्रेनवाला सकाळी जनरेटर उतरवून सुट्टीवर गेला. आणि नियम रिकाम्या गाडीचा आहे."

"रिकामी गाडी डोंगरावर काय हवा खायला नेते मी?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती साहेबांच्या वाटेतच उभी होती. "नापास झाले तर तुमच्या नियमात होईन, डोंगरावर नाही. तेव्हा आधी मोजा. नऊशे किलो म्हणजे बारा माणसं. चढा रे सगळे मागे."

कोणी हललं नाही. साहेबांच्या समोर कोण चढणार? मला इतका संताप आला की मी पदर खोचून निघाले होते, तेवढ्यात काठीचा आवाज आला.

दादा यार्ड ओलांडून ट्रकपाशी आला. काठी आत टाकली, फळीला धरलं, आणि कोणाचा हात न घेता वर चढून बसला. चढताना त्याचं तोंड दुखण्यानं वाकडं झालं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "कडा ढासळली नव्हती."

साहेबांनी हातातला कागद खाली केला.

"माझ्या गाडीचंही माप रिकामीच असताना घेतलं होतं. वर चार इंच चढवले, दिसायला बरं म्हणून. हीच नको म्हणत होती. नऊशे किलो तेवढ्या उंचीवर गेले आणि त्या कुशीवर गाडी आडवी झाली. मी हळूच चालवत होतो. घाई नव्हती मला. चार वर्षं मी खोटं बोललो. आता चढा रे, मी एकटा काही नऊशे किलो भरत नाही."

आधी एक ड्रायव्हर चढला, मग दुसरा, मग बाकीचे. त्यांतल्या बहुतेकांच्या गाड्यांना तोच चार इंचांचा सेट होता. ते कोणाकडे बघत नव्हते. बारावी मी चढले. ट्रक सावकाश खाली आला आणि थांबला.

साहेबांनी पुढे मोजलं, मागे मोजलं, परत पुढे मोजलं. बावीस आणि बावीस. कागद बॉनेटवर पसरला. मग त्यांनी 'रिकामी' खोडून वर 'माल भरून' लिहिलं आणि सही केली. वहिनीनं कागद घडी घालून खिशात ठेवला. आभार वगैरे मानले नाहीत.

सगळे उतरल्यावर मी तिला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी जाऊन बघून आले होते मी. कडा होती तिथेच होती."

"मग मी इतकं बोलत होते, तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"तुझा भाऊ आहे तो. पाय गेला होता त्याचा. त्यात तुझ्यासमोर त्याला खोटं पाडू?"

"चुकले मी, वहिनी. फार चुकले."

"हो, चुकलीस," ती म्हणाली. "चल, बस आता."

दादा आधीच पुढे जाऊन बसला होता. मी दोघांच्या मध्ये बसले. मागे वजन काहीच नव्हतं, त्यामुळे ट्रक शेपूट वर करून खड्ड्याखड्ड्याला उडत होता. चौकातले लोक बोटं दाखवून हसले. वहिनीनं काच खाली केली आणि चौक संपेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.