कप्तान माघारी आला का

आमच्या दाजींनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या मिरची कांडपाच्या उघड्या वायरीनेही दिले नाहीत. वायर कुठे उघडी आहे हे निदान ठाऊक असायचं. दाजींचा अंदाज त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, अक्कालाही इतकी वर्षं संसार करून आला नव्हता, तिथे मेहुणीची काय कथा. दिसायला माणूस अगदी सरळ. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत, कपाळाला विभूती, डोक्यावर पांढरी टोपी, घरी आईशी कन्नड आणि बाहेर खणखणीत कोल्हापुरी. कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते, पण निकाल लागला तसं वडिलांनी त्यांना गादीवर बसवलं आणि ते इंग्रजी गुळाच्या रव्यांमागे, त्या ढेपांच्या थप्पीमागे, कुठेतरी पडून राहिलं. पन्नाशी उलटल्यावर ते एकाएकी बाहेर येईल आणि दाजींना घेऊन थेट अंतराळात जाईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला घरी जाऊन झोप म्हटलं असतं.

नव्वदच्या सुमाराला रविवारी सकाळी टीव्हीवर एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. एक यान, त्याचा कप्तान, त्याची चार माणसं, एक यंत्रमानव, आणि दर आठवड्याला नवा ग्रह. गल्लीतली झाडून सगळी पोरं ती बघायची. दाजींनी मात्र कधी पाहिली नाही, कारण रविवारी ते गुऱ्हाळं बघत कळंब्यापलीकडे हिंडत असत. पुढे एकदा दुकानात गूळ बांधायला रद्दी आली, तिच्यात फाटक्या कव्हरांची बारीक बारीक इंग्रजी पुस्तकं निघाली. त्याच मालिकेवरून तिकडे लिहिलेल्या कादंबऱ्या होत्या त्या, एका भागाची एक. त्या दिवशी मी गूळ घ्यायला गेले होते. माझ्यापुढे एक म्हातारी उभी होती. तिचा गूळ तराजूत, पान फाडायला दाजींचा हात पुस्तकात, आणि दाजी वाचतायत. म्हातारीने दोनदा हाक मारली. शेवटी तिने स्वतःच तराजूतला गूळ उचलून पदरात बांधला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यास्नी फिट आलीया काय?" दाजींनी मान वर केली ती पुस्तक संपल्यावर. पैसे कोणाचे घ्यायचे राहिले हेही त्यांना आठवेना. ज्या माणसाने सख्ख्या मेहुणीला कधी वजनात सूट दिली नाही, त्याची ही दशा बघून मी गूळ न घेताच घरी आले.

दाजींचं वाचन हा दुसरा धक्का. गुळाचा रवा वरून कोणीही देखणा करतो, खरा माल आतच कळतो, म्हणून अडतीवर लोखंडी सळई रव्याच्या मधोमध खुपसून बघायची पद्धत. दाजींनी हा नियम सगळ्या जगाला लावला होता. लग्नपत्रिका मधूनच वाचायचे, त्यामुळे त्यांना मुहूर्त कळे आणि लग्न कोणाचं ते कळत नसे. लग्नानंतरचा पहिला सिनेमा त्यांनी अक्काला मध्यंतरापासून दाखवला. पडद्यावरची बाई कशाला रडते आहे असं तिने विचारलं, तर म्हणाले, "रडणं खरं हाय का तेवढं बघ." पुस्तकंही तशीच. मधलं पान उघडायचं, तिथून शेवटपर्यंत जायचं आणि मिटायचं. सुरुवात म्हणजे वरून लावलेलं तूप, तिने फसणारे ते दुसरे, असं त्यांचं मत. मी एकदा म्हटलं, दाजी, निम्मंच वाचता तर निम्मेच पैसे द्यायचे. रद्दीचेच आणखी किती निम्मे करू, म्हणून त्यांनी मलाच गप्प केलं.

पण वाचलेलं ते सांगत मात्र असं की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. यान खडकाला घासायला आलं की कप्तान ओरडायचा, "आरं कडंनं घे की, आंधळा हाईस काय!" आणि परग्रहावरचे लोक भेटले की यानातले लोक आधी "या पावणं" म्हणायचे, मग बंदुका काढायचे. उन्हाळ्यात एकदा अक्काची मिरची द्यायला दाजी माझ्या कांडपावर आले. ऐन हंगाम, दहा-बारा बायका नंबर लावून बसलेल्या. मी आत यंत्रापाशी. बाहेर आले तर सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून. आमच्या धंद्यात हे रोजचंच, म्हणून मी खिडकी उघडली. तेव्हा एक जण म्हणाली, "मिरचीचं न्हवं वैनी, त्या लोखंडाच्या पोराचं वाईट वाटतंय." दाजींनी त्यांना यंत्रमानवाची गोष्ट सांगितली होती. एक काळोखा ग्रह, तिथे येणारी-जाणारी यानं खडकांवर आपटून फुटायची. कोणीतरी तिथे राहून दिवा पेटता ठेवायला हवा होता. माणसाला तिथे जगणं शक्य नव्हतं, म्हणून यंत्रमानव राहिला. यान निघालं. आणि पुढे, दाजींच्या म्हणण्याप्रमाणे, दिव्याची दुसरी सोय करून कप्तान माघारी आला आणि त्याला घेऊन गेला. त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे मिरचीपेक्षा ह्याचीच चर्चा जास्त. आणायचंच होतं तर आधी सोडलंच का, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणे, पुरुषाला उशिराच सुचतं. मी मसाला मोजता मोजता ऐकत होते आणि मला वाटत होतं, ह्या बायकांना घरी काही काम नाही काय.

खरा वाद मात्र टीव्ही मिस्त्रीने काढला. हा दाजींच्या दुकानासमोर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. हातात कायम कथलाचा डाग द्यायची तापलेली सळई, आणि कानामागे पेन्सिल. रोज दुपारी दोघांचा चहा एकत्र. मिस्त्रीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मालिकेचा एकही भाग त्याने चुकवला नव्हता. दुरुस्तीला आलेले सगळे टीव्ही रविवारी एकदम चालू करून बघायचा. तो दाजींना म्हणाला, "आण्णा, कप्तान माघारी येत न्हाय. दारात हुभा ऱ्हातो, मागं बघत न्हाय, आणि जातो. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"कॅमेरा बंद झाला आणि तू घरला गेलास," दाजी म्हणाले. "मी थांबलो. पुस्तकात पुढचं हाय."

आधी हे हसण्यावारी चाललं. पुढे चहा वेगळा झाला. मग बोलणं थांबलं. दोन शहाणीसुरती, नातवंडं असलेली माणसं, एका परदेशी खोट्या लोखंडी माणसावरून समोरासमोर बसून एकमेकांकडे बघेनाशी झाली, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मिस्त्रीच्या घरी गूळ यायचा बंद झाला, पुरणपोळी साखरेची होऊ लागली. इकडे अक्काचा टीव्ही बिघडला. चित्र गेलं, आवाज राहिला. दाजी मिस्त्रीला बोलवेनात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. मी एकदा संध्याकाळी गेले तर अक्का काळ्या काचेसमोर बसून कसलीशी घरगुती मालिका ऐकत होती. कोण बोलतंय हे तिला आवाजावरून कळायचं म्हणे. मी कपाळाला हात लावला. ती शांतपणे म्हणाली, "बस, आता सासू यायची हाय."

अशी काही वर्षं गेली. चपटे टीव्ही आले. बिघडला टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा लोक नवा घेऊ लागले. मिस्त्रीच्या दुकानात धूळ बसायला लागली. एक दिवस कळलं, तो दुकान बंद करून कायमचा चंदगडला लेकीकडे चाललाय. जावयाचा काजूचा कारखाना आहे, तिथे देखरेखीला. बातमी मीच दाजींना दिली. म्हणाले, जाईना का, चंदगड काय दुसऱ्या ग्रहावर नाही. पण अक्काने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं, आणि अक्का रडणाऱ्यातली नाही. दाजींनी पुस्तक उघडून किती दिवस झाले होते, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत नव्हते, जेवणावरून उठून जायचे, समोर मिस्त्रीच्या दुकानाच्या अर्ध्या लावलेल्या फळ्यांकडे बघत बसायचे. "त्यो असाच गेला तर ह्यांचं काय खरं न्हाय," ती म्हणाली. "तू काय तर कर."

मला असल्या गोष्टी जमत नाहीत. तुटलं ते जोडायचं नाहीतर टाकायचं, मधे रेंगाळायचं नाही, हा माझा स्वभाव. मी आधी मिस्त्रीकडे गेले. तो सामान बांधत होता. पुस्तक चुकलंय एवढं आण्णांनी म्हणावं, मी पाया पडायला येतो, म्हणाला. दाजींकडे आले. ते म्हणाले, छापलेल्याला मी खोटं पाडणार नाही. मग मी ते पुस्तकच मागून घेतलं. अडतीत दोघं अडून बसले की माल पुन्हा फोडून बघतात, तसं. माझं इंग्रजी शाळेपुरतं. मुलाची डिक्शनरी घेऊन त्या रात्री, कांडप बंद झाल्यावर, बसले. मी आपली पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण माझ्या आईने मला पुस्तक तसं वाचायला शिकवलं होतं.

पहिल्याच पानावर मी गार झाले. शब्द नीट लागलेत का म्हणून पुन्हा वाचलं, मग शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घेतलं. पानावर असं होतं: यंत्रमानव दिव्यापाशी एकटा बसलाय. यान जाऊन कित्येक वर्षं झालीत. कोणीही आलेलं नाही. दिवा राखायचा तर जागं राहायला हवं, म्हणून तो रोज स्वतःला एक गोष्ट सांगतो, कप्तान आपल्याला न्यायला माघारी येतो अशी. आता सांगायला सुरुवात करतो, असं म्हणून पान संपत होतं.

मिस्त्री निघायचा त्याच दिवशी ते पान मी दाजींपुढे धरलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मला वाटलं होतं, भांडतील, मास्तरणीला नावं ठेवतील. पण इतकी वर्षं ज्या माणसाला मी अडेल समजत होते, तो घरच्या पायरीवर बसला आणि कन्नडमध्ये आईला हाक मारल्यासारखं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाले, "म्हंजे त्यो तितंच हाय."

"होय," मी म्हटलं. "आणि मिस्त्रीची गाडी पाऊण तासात सुटते."

स्टँडवर मी त्यांना रिक्षात घालून नेलं. चंदगडची गाडी फलाटाला लागली होती. मिस्त्री खिडकीशी, मांडीवर अवजारांची पिशवी. दाजी खिडकीखाली उभे राहिले आणि कसलीही प्रस्तावना न करता बोलले, "मिस्त्री, तुझं खरं. कप्तान आला न्हाय. मी सुरवात वाचली न्हवती."

मला वाटलं, झालं, आता हा हसेल, हात पुढे करेल, मी कांडपावर जाईन. मिस्त्रीचा चेहरा मात्र पडला. इतका, की शेजारच्या प्रवाशाने त्याला पाणी हवंय का विचारलं.

"आसं कसं म्हंता आण्णा," तो म्हणाला. "मी जे बघितलं ते मला कुटं पटलंतं? म्हनून तर भांडत हुतो. तुमी एक दिस मला गप करशीला, पुस्तक दावून म्हनशीला, गाढवा, ही बघ आला, म्हनून. आणि आता तुमीच कच खाताय व्हय?"

मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. एवढ्या वर्षांचा अबोला, साखरेच्या पुरणपोळ्या, अक्काची काळी काच, आणि आतून दोघांनाही एकच शेवट हवा होता. ह्यांना काय म्हणावं?

"सांगा की," मिस्त्री खिडकीतून वाकून म्हणाला. "कसा आला त्यो. गाडी सुटंस्तवर."

दाजींनी टोपी नीट केली आणि सांगायला लागले. काळोखा ग्रह, लांबून दिसणारा तो एवढासा दिवा, यानात कप्तानाची चाललेली घालमेल. आजूबाजूच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टरने डबल बेल दिली तेव्हा यान नुकतंच वळलं होतं. गाडी हलली. दाजी तिच्याबरोबर चालत, मग थोडं पळत सांगत राहिले, फाटकापाशी मात्र गाडीने वेग घेतला आणि मिस्त्रीचा हात तेवढा बराच वेळ बाहेर दिसत राहिला.

दाजी धापा टाकत परत आले. गोष्ट अर्धीच राहिली, कप्तान अजून खाली उतरलाच नाही, म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे, फोनवर सांगा, आता घरी चला, अक्का वाट बघतेय. त्यांनी मान हलवली आणि चौकशीच्या खिडकीकडे गेले. परत आले ते दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवायला. चंदगडची दुसरी गाडी लागत होती. अंगावर घरचा सदरा, पायात स्लिपर, पिशवी नाही, औषधाची गोळी नाही. तिकडे पाऊस किती असतो ह्याची मी आठवण करून दिली. त्यांनी ऐकलंच नाही. खिडकीशी जागा धरून ते समोर बघत बसले, रस्ता आपल्यालाच शोधायचा असल्यासारखे.

कांडपावर बायका खोळंबल्या असणार, आणि अक्काला काय सांगायचं तेही मला सुचत नव्हतं. तरी ती गाडी फाटकाबाहेर वळून दिसेनाशी होईपर्यंत मी किल्ल्या हातात धरून तिथेच उभी राहिले.