मागच्या दाराचं इंजेक्शन

अजूनही त्या मंद्रूपच्या बाईची आठवण झाली की माझं डोकं फिरतं. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा माझ्यावरच जास्त फिरतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून मी सोलापुरात घरोघर इंजेक्शनं द्यायला लागले होते. डॉक्टर चिठ्ठी द्यायचे आणि मी रोज ठरल्या वेळी त्या घरी जायची. रेक्झिनची काळी पिशवी, तिच्यात काचेची सिरिंज, सुया आणि स्पिरिटची बाटली. सिरिंज त्या त्या घरच्या स्टोव्हवर उकळून घ्यायची. पाण्याला उकळी येईपर्यंत घरची बाई बाकीच्या गल्लीची चौकशी करून घ्यायची. समोरच्यांकडं कशाला जाता ओ, असं विचारलं की मी सांगून टाकायची. म्हाताऱ्यांना साखर आहे, मास्तरांच्या बायकोला अशक्तपणा आहे. त्यात काय एवढं लपवायचं, असं मला वाटायचं. टीबीचं मात्र मी कधी कुठं बोलले नाही. तेवढी अक्कल होती, आणि त्या अकलेचा मला तोराही होता.

आमच्या गल्लीतल्या तेलवाल्यांचं पुढं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात चालायचं, आईला अव्वा म्हणायचे. आईला टीबी झालेला. मुलगी लग्नाची, जवळच्या मंद्रूप गावचं स्थळ आलेलं आणि बोलणी जवळजवळ पक्की. पहिल्याच दिवशी त्या आईनं माझा हात धरला.

"बाई, हे बाहेर कळलं तर माझी पोरगी घरातच राहील बघा."

मी शब्द दिला. सकाळचा गिरणीचा भोंगा झाला, कामगार गेले, रस्ता मोकळा झाला की मी बोळातनं मागच्या दारी जायची. माझ्या वहीत त्यांचं नावसुद्धा लिहिलं नाही. 'मागचं दार' एवढंच लिहायची आणि पुढं किती इंजेक्शनं झाली तो आकडा. इतकं सांभाळत होते मी. आणि डॉक्टरांकडचा कंपाउंडर? बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली असताना आतून ओरडायचा, "तेलवाल्यांची टीबीची इंजेक्शनं घेऊन जा ओ बाई." त्याच्याशी मी कडाकडा भांडले. तर म्हणतो, कोण ऐकतंय इथं, ज्याला त्याला आपलं दुखणं पडलंय. असल्या माणसाला काय सांगणार, कपाळ.

ऐकणारं कुणीतरी असणारच. कारण आठवड्याभरात त्या मंद्रूपच्या मुलाची आत्या माझ्या घरी येऊन बसली. बाजाराला आले होते, हातापायाला मुंग्या येतात, ताकदीची सुई घ्यावी म्हणते, असं म्हणाली. मी चहा टाकला. बाई गोड बोलायची.

"तुमी लई घरं फिरता म्हणं. त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यास्नी काय झालंय?"

"साखर आहे त्यांना."

"आन् मास्तरांच्या घरी?"

"बायकोला अशक्तपणा. रक्तवाढीची, लिव्हरची इंजेक्शनं चालू आहेत."

"व्हय की, पोरी वाळल्यागतच दिसत्यात आताच्या." तिनं कप खाली ठेवला. "आन् तेलवाल्याकडं?"

मी ताठ बसले. "मी कुणाच्या घरचं सांगत नसते."

तिनं मान डोलावली. मग पदर सावरून उठली आणि म्हणाली, "बरं हाय, मंग निगते." मुंग्या आणि ताकदीची सुई दोन्ही विसरली. आणि मी मूर्ख, तिच्या मागनं कप विसळताना खूश होते, की कशी गप्प बसवली हिला.

चारच दिवसांत मंद्रूपचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. गल्लीत लगेच सुरू झालं, की पोरीलाच टीबी आहे. मी धावत त्यांच्या मागच्या दारी गेले.

"शपथ घेते, मी एक शब्द बोलले नाही," मी म्हटलं.

"तेच की," आई म्हणाली. "मास्तरांच्या बायकोचा अशक्तपणा तुम्ही माझ्या घरात, माझ्या स्टोव्हपुढं बसून सांगितलात. सगळ्यांचं सांगता. आमचंच नाही सांगितलं. मग कळंना व्हय कुणाला?"

तिनं दार लावून घेतलं. इतकी वर्षं जे साधं म्हणून सांगत फिरले, त्यानंच माझ्या गप्प बसण्याला अर्थ आणला होता. मुलगी ठणठणीत आहे, असं त्या मंद्रूपवाल्यांना जाऊन सांगावं, तर मग आजारी कोण, हे आलंच. दोन्हीकडून तोंड बांधलेलं. चडफडत घरी आले.

पुढचे तीन दिवस मागचं दार उघडलं नाही. कडी वाजवून वाजवून परत फिरले. इंजेक्शनं मध्येच तुटली तर ती बाई हातची जाईल, हे मला दिसत होतं. चौथ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी ती मुलगी उभी होती.

"पुढनं या," ती म्हणाली, आणि मला रस्त्यावरनं, दुकानासमोरनं घेऊन गेली. शेजारणी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. एकीनं विचारलंच, कुणाला ओ सुई?

मुलगी थांबली. "अव्वाला. टीबी हाय तिला. बरी व्हायला लागलीय. आणि मला काही झालेलं नाही." सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. मला इतकं हायसं वाटलं की मी चपला काढायच्या विसरून आत गेले.

आत तिची आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाहेरचं बोलणं तिथं स्पष्ट ऐकू येत होतं. मी स्टोव्ह पेटवला. पाणी उकळलं. मी स्पिरिटचा बोळा हातात घेतला तेव्हा ती भिंतीकडं बघतच म्हणाली,

"कंपाउंडर बोलला. तुम्ही न बोलून बोललात. आता ही बोलली. दुखणं माझं. मला कुणी विचारलं?"

मुलगी दारातच थबकली. मी सुई दिली, जागा चोळली आणि वहीत आकडा लिहिला.

त्यानंतर कुठल्याही स्टोव्हपुढं मी कुणाच्या घरचं काही सांगितलं नाही. साधी सर्दीसुद्धा नाही. बाई फार शिष्ट झाल्यात, असं लोक म्हणायला लागले. म्हणू देत. त्या पोरीचं लग्न मात्र ते लोक आमच्या गल्लीत असेपर्यंत झालं नाही.