नाकोबाने पास केलेलं पिंप

नाकोबाला कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. हे नाव त्याच्या ताईने लहानपणीच ठेवलं होतं. दूध नासायच्या आदल्या संध्याकाळी हा सांगायचा की उद्या फाटणार. दार उघडायच्या आत कोण आलंय ते ओळखायचा. अभ्यासात मात्र सगळा आनंदीआनंद. "नाक सोडलं तर या कार्ट्यात आहे काय?" असं वडील चारचौघांत म्हणायचे. फटकळ होते म्हातारे. नाकोबाच्या मनात ते वाक्य जे रुतून बसलं, ते बसलंच.

पुढे ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावजींनी, स्कॉचचा छोटासा धंदा काढला आणि या नाकाचं सोनं झालं. धंदा असा, की डिस्टिलरीकडून एखादं जुनं पिंप विकत घ्यायचं, त्यात दुसरं काही म्हणजे काही मिसळायचं नाही, आणि तेवढ्या एका पिंपातली व्हिस्की बाटल्यांत भरून विकायची. मोठ्या कंपन्यांचं काय हो, त्या शंभर पिंपं एकत्र करतात. त्यात एखादं बिघडलेलं निघालं तरी खपून जातं. इथे पिंप एकटं. त्याचं बरंवाईट झाकायला कोणी नाही. म्हणून भरण्याआधी त्याला हो म्हणायचं की नाही, हे नाकोबा ठरवायचा.

ते ठरायचं मागच्या खोलीत. भिंती पांढऱ्या, खिडकी एक, मध्ये लांब टेबल. अत्तर लावून आत यायचं नाही, कॉफीचा कप आणायचा नाही. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, प्रत्येकावर काचेचं झाकण. व्हिस्कीत तेवढंच पाणी घालायचं, झाकण सरकवायचं आणि नाक आत घालायचं. नाकोबा डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "संत्र्याची साल. जुनं कपाट. चांगलं आहे, भरा." की झालं. भावजींना पेट्रोल आणि चहा यांतला फरक कळत नसे, म्हणून ते वाद घालायच्या भानगडीत पडत नसत.

मग त्या खोलीत भाची येऊन बसली. ताईची एकुलती एक. पोरगी वासाला मामापेक्षा तिखट निघाली. नाकोबा हरखला. "मामावर गेलीय," असं येईल त्याला सांगायचा. तिलाही जगात दुसरं काही करायचं नव्हतं. मैत्रिणी परगावी नोकऱ्या धरत होत्या, ही ग्लासात नाक घालून तासन्‌तास बसायची आणि बाहेर आली की खुशीत असायची.

आणि मग एका हिवाळ्यात नाकोबाला ताप आला. साधा ताप, सर्दी, अंगदुखी. आठवड्याने उतरलाही. तो राहायचा ताईकडेच; एका सकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता आणि ताई ओरडत आत आली. टोस्ट जळून कोळसा झाला होता, खोलीभर धूर, आणि हा शेजारी बसून बातम्या वाचतोय. ताईला वाटलं, वाचनात गुंगला. तो मात्र पेपर टाकून उठला. न्हाणीघरात जाऊन त्याने फिनेलच्या बाटलीला नाक लावलं. काही नाही. बुटाचं पॉलिश, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित नाहीही येणार."

आता सरळ सांगून टाकायचं ना? तुम्ही-आम्ही सांगितलं असतं. पण नाक गेल्यावर माझ्यात उरलं काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि उत्तर वडिलांनी कधीच देऊन ठेवलं होतं. तो घाबरला. नुसता घाबरला. त्याने शक्कल काढली. "पोरी, आता तू आधी सांगत जा," म्हणाला, "शिकायचंय ना?" ती सांगायची, हा मान डोलवायचा. घरात कौतुक झालं, मामा किती मनापासून शिकवतो बघा. पोरीचं नाक खरं होतं, म्हणून पिंपंही चांगली निघत गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती उघडली भावजींच्या एका थट्टेने. जेवताना ते म्हणाले, "काय रे नाकोबा, हल्ली नंदीबैल झालायस म्हणे? ती बोलते, तू मान हलवतोस." सगळे हसले, तोही हसला. पण ताट अर्धं टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी खोलीत दोघंच होते. पिंप शेरीचं होतं, म्हणजे आधी त्यात शेरी नावाची द्राक्षांची दारू भरलेली असायची. अशा पिंपातली व्हिस्की गडद तांबडी होते आणि बहुतेकदा तिला मनुकांचा वास येतो. भाचीने झाकण सरकवलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, पोतं. ओलं पोतं. तळघरात पडून राहिलेलं."

नाकोबाने ग्लास उजेडात धरला. काय सुरेख रंग होता! आज मान हलवायची नाही, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. त्याने ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसला.

"तुला पिंपाच्या लाकडाचा वास येतोय," तो म्हणाला. "घाई करतेस. थोडं थांब, परत घे. मनुका आहेत. भरपूर मनुका."

ती थांबली. परत वास घेतला, तिसऱ्यांदा घेतला. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "हो की रे मामा," ती म्हणाली. "मनुका."

नाकोबाने बाहेर येऊन सांगितलं, भरा.

बाटल्या परत यायला वेळ लागला नाही. दुकानदारांचे फोनवर फोन. भावजींनी एक बाटली टेबलावर फोडली, आणि ज्यांना पेट्रोल कळत नाही त्यांनीसुद्धा नाक धरलं. ओलं पोतं, दुसरं काही नाही. जुन्या गिऱ्हाइकांत अब्रू गेली.

"आधी मत कोणाचं होतं?" भावजींनी विचारलं.

"माझं," भाची म्हणाली. "मनुका म्हटलं मी."

तिने मामाकडे बघितलंही नाही. आणि मामा? मामा मूग गिळून बसला. त्याच्यासाठी दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

कोणी तिला रागावलं नाही. पण ती त्या खोलीत परत गेली नाही. तिने एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली. नाकोबा झुरला. अन्न गोड लागेना म्हणावं, तर ते तसंही लागत नव्हतं. शेवटी तिची नोकरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी तो तिच्या खोलीत गेला. ती शर्टांना इस्त्री करत होती.

"पोरी, तुझं नाक चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "तू पोतं म्हणालीस तेच खरं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "धरून राहायला हवं होतं मी. पण तू समोर असलास की मला माझं काही खरं वाटत नाही." तिने शर्ट उलटा केला. "एक सांगू, मामा? पोत्याच्या खाली मनुका होत्याच. तुला आल्या, मग मलाही आल्या, आणि चांगल्या घमघमीत आल्या. तेवढा एकच आधार आहे मला. वाईट होतं ते सुटलं, पण चांगलं होतं ते तर पकडलं ना? वर्षभर ऑफिस करते आणि मग येते परत."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण गप्प बसायचं तेव्हा बोलला आणि बोलायचं तेव्हा गप्प बसला, असा हा माणूस. इतके महिने छातीवर धोंडा घेऊन फिरत होता, तो उतरवायलाच तर आला होता.

"मला काहीच आलं नव्हतं गं," तो म्हणाला. "त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. फिनेलचासुद्धा नाही. रंग बघून मनुका म्हटलं मी. दोष सगळा माझा आहे. आत्ता खाली जाऊन तुझ्या बाबांना सांगतो. तू उद्या तिकडे जाऊ नकोस."

भाचीने इस्त्री उभी करून ठेवली. तिला राग येईल, ती रडेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

"म्हणजे त्या ग्लासात मनुका नव्हत्याच," ती म्हणाली.

"नव्हत्या."

"मग मला कसल्या आल्या, मामा?"

तो म्हणाला, "पोरी, तू अजून लहान आहेस, शिकशील." ती म्हणाली, "बाबांना सांगायचं ते सांग. मी उद्या जाणार आहे, आणि परत यायचं म्हणत होते ते आता राहू दे." मग तिने पुढचा शर्ट घेतला.