माझी बहीण दमत नाही

ही माझी सख्खी धाकटी बहीण. ज्याला तिच्याबद्दल वाकडं बोलायचंय, त्याने आधी माझ्यासमोर येऊन उभं राहावं. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. गोड गोड लिहिता येत नाही, आणि यायलाही नको.

आम्ही दोघं कागदाच्या गोदामात कामाला. गठ्ठा उचलायचा, लोखंडी जिना चढायचा, माळ्यावर रचायचा. पहिल्या तासात मला मागे टाकणारा अजून जन्माला यायचाय. खोटं वाटत असेल तर कोणालाही विचारा. बहीण मात्र एकाच चालीने चालते. सकाळी जशी, तशीच संध्याकाळी.

आमचा मुकादम म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला उर्मटपणा. कोणाला कायम करायचं, हे तो दहा मिनिटांत ठरवायचा. शिट्टी वाजली की पळत गठ्ठे चढवायचे, दुसरी वाजली की मोजायचे. काम आठ तासांचं आणि परीक्षा दहा मिनिटांची! काय ती अक्कल!

बहीण अजून कायम नव्हती. ती पास व्हावी म्हणून मी तिला तीन आठवडे घराच्या जिन्यावर पाण्याचे कॅन घेऊन पळवलं.

“दादा, माझं अंग असं नाही चालत.”

“माझं चालतं ना? एकाच आईची आपण. तुझंही चालेल.”

परीक्षेत ती माझ्यासारखी सुसाट सुटली आणि सातव्या मिनिटाला पोटरी धरून पायरीवर बसली.

मुकादम खदखदा हसला. “गोगलगाईचा घोडा करायला निघाला होतास काय रे? महिनाअखेर हिला घरी बसव.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटरी दाखवायला तिला दवाखान्यात नेलं. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझीच हजेरी घेतली. “स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक झटक्यात जोर लावतात आणि लवकर थकतात. दुसरे लालसर, जोर बेताचा, पण श्वासातल्या हवेवर तासन्‌तास चालतात. दोन्ही सगळ्यांकडे असतात, प्रमाण वेगळं. सख्ख्या भावंडांतसुद्धा. सरावाने दम वाढतो, पण तीन आठवड्यांत ही तुम्ही होणार नाही.”

मला कोणी शिकवलेलं आवडत नाही. पण त्या खरं बोलत होत्या.

पोटरी बरी झाल्यावर मी मुकादमाला गाठलं. “हिचे दिवसभराचे गठ्ठे मोजा.”

“कोणाशी? तुझ्याशी शर्यत लावू? हरली तर त्याच दिवशी घरी.”

“लावा!”

बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “मुद्दाम हरलास तर तोंड बघणार नाही तुझं.”

“हरायला मला येतच नाही, बाई.”

पहिल्या तासात मी बावीस गठ्ठे पुढे. तिसऱ्या तासाला मांड्या थरथरायला लागल्या. जेवणानंतर प्रत्येक पायरीला दात-ओठ खावे लागले, एक गठ्ठा हातातून सुटला. ती आपली त्याच चालीने वर-खाली, वर-खाली. माझ्या शेजारून जाताना धापसुद्धा नाही. संध्याकाळी ती एकतीस गठ्ठे पुढे होती.

“नाटक!” मुकादम ओरडला. “भावाने मुद्दाम ढिलाई केली. मी नाही मानत.”

मी त्याची कॉलर धरणारच होतो, बहिणीने मला मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. पहिला गठ्ठा कसाबसा वर ठेवला, पण उतरता येईना. कठडा धरून, उलट्या पावलांनी, एकेक पायरी करत खाली आलो. खाली मुकादम उभा. त्याने माझ्या मांडीत बोट खुपसलं. मी असा किंचाळलो की अख्खं गोदाम थांबलं.

“म्हणजे नाटक नव्हतं,” तो पुटपुटला. मग त्याने कायम कामगारांच्या कपाटाची एक किल्ली काढून बहिणीच्या हातावर आपटली. “घे. आणि या म्हाताऱ्याला आधी बाजूला कर.”

तिने किल्ली कमरेला खोचली आणि गठ्ठा खांद्यावर घेतला.

“दादा, जिना सोड,” ती म्हणाली. “मला वर जायचंय.”