निस्तरलेली चूक

"ही आजची की कालची?" कॉम्प्युटरच्या पडद्यावर चूक दिसली की अण्णा आधी एवढंच विचारायचे. कॅन्टीनच्या सांबारापुढेही त्यांचा हाच प्रश्न असायचा, पण त्याचं उत्तर आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, ज्याच्यावाचून अडतं म्हणून त्याला कुणी हलू देत नाही. दोन हजार पाचच्या सुमारास चेन्नईत आम्ही जवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका ब्रेकच्या कारखान्याचं सॉफ्टवेअरचं काम करायचो, तेही कंपनीनं स्वतः घडवलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. अण्णा तंजावरचे मराठी, मी साताऱ्याचा. 'सगळं'ला ते 'अस्कं' म्हणायचे, आणि माझ्या मराठीला हसायचे.

आमच्या त्या भाषेत एक खोड होती. चूक निस्तरली तरी ती तिच्या लक्षात राहायची. पाहुणे गेल्यावरही त्यांच्या चपला दाराशी दिसाव्यात, तसं. पुढचं काम सुरळीत झालं तरी जुन्या चुकीपायी माल अडायचा. चूक ताजी की शिळी, हे अण्णाच सांगू शकायचे. निस्तरली की भाषेनं ती आपणहून पुसावी, असं ते मॅनेजरना सांगून थकले. "तुम्ही आहात ना," एवढंच उत्तर मिळायचं.

अण्णांची बायको-मुलगी तंजावरला. तिथल्या एका कॉलेजनं त्यांच्यासाठी शिकवण्याची जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती. अण्णांनी सुटका मागितली. भाषा सुधारा आणि जा, असं मॅनेजर म्हणाले. अण्णांनी ती झपाट्यानं सुधारली, पण ती सुरू करण्याआधीच घोळ लक्षात आला. मागचं काम फसलं का, हे कारखान्याचे कितीतरी जुने प्रोग्राम त्या उरलेल्या चुकीवरूनच ओळखायचे. ती पुसली असती तर सदोष ब्रेकही चांगला म्हणून बाहेर पडला असता. आता प्रत्येक प्रोग्राम तपासणं आलं, आणि तपासणार कोण, तर अण्णाच.

मी चिडून म्हणालो, "अण्णा, द्या सोडून, जा घरी."

"आणि तो ब्रेक कोणाच्या गाडीत बसेल?" ते म्हणाले. "अस्कं बघितल्याशिवाय कसा जाऊ?"

जून गेला. कॉलेजनं दुसरा माणूस घेतला. पावसाळ्यानंतर केव्हातरी नवी भाषा सुरू झाली. चुका निस्तरल्या की पुसल्या जाऊ लागल्या, आणि अण्णांकडे कुणी येईनासं झालं. मॅनेजर मोठ्या मनानं म्हणाले, आता तुम्ही केव्हाही जाऊ शकता.

दुसऱ्या दिवशीही ते सगळ्यांच्या आधी येऊन स्वच्छ पडद्यासमोर ताठ बसले होते. मला ते बघवेना. मला पुरती उमगलेली एक अडचण घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी ती वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुला येतं की," ते म्हणाले, आणि खुर्ची सरकवून त्यांनी मला शेजारी बसायला जागा करून दिली.