बाहेर जाणाऱ्यांची चौकशी

मी घरी बसून शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. परीक्षेआधी एखादी बाहेर गेली तर पनवेलमधली एकही शाळा मला पुन्हा काम देणार नाही. म्हणून कॉम्प्युटरबरोबर आलेल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली, तेव्हा मला चैन पडेना. नवरा म्हणाला, सरळ विकत घेऊन टाक. पण फुकटातलं चांगलं काही मिळतं का, हे मला स्वतः शोधून बघायचं होतं.

पहिलं जे घेतलं ते आपल्यासोबत आणखी दोन प्रोग्रॅम घेऊन आलं आणि सारखं जाहिराती दाखवायला लागलं. संध्याकाळच्या आत काढून टाकलं. मग नीट वाचत बसले तेव्हा कळलं की कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या दारावरची राखणदार, असते. माझी कोण जाणे कधीपासून बंद होती! ती चालू केली. पण ती लक्ष ठेवते मुख्यतः आत येणाऱ्यांवर. बाहेर जाणाऱ्यांसाठी आणखी एक छोटी, फुकटची फायरवॉल सापडली. कुठलाही प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ लागला की ती आधी मला विचारणार होती, जाऊ देऊ की नको.

तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई गव्हाणहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दुपारी त्या माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. पडद्यावर चौकट आली की विचारायच्या, हा कोण, ओळखीचा आहे का. मी सांगायचे, हा इंटरनेट बघायचा, हा छपाईचा. त्यांनी मान हलवली की मी परवानगी द्यायचे. तासाभरात आम्हा दोघींना असा काही रंग चढला की चहा ठेवायचंही राहून गेलं.

आणि मग एक अशी चौकट आली की मी न बघताच परवानगी देणार होते. जुन्या मराठी टायपिंगची अक्षरं नव्यात बदलणारा माझा फुकटातला प्रोग्रॅम होता तो. सासूबाईंनी माझा हात धरला.

"याचा काम तर तू मगाशीच बंद केलास ना? मंग यो भायेर कशाला चाललाय?"

खरंच, त्यांच्यासमोरच मी तो बंद केला होता. शिवाय त्याला इंटरनेटची काही गरजच नव्हती. नको म्हटलं, तर पाच मिनिटांत तो पुन्हा आला. पुन्हा नको म्हटलं.

"नाय बोल त्याला," त्या म्हणाल्या, "आणि घरातूनच काढ."

काढला. तो खरंच काही पाठवत होता की नुसता नवी आवृत्ती शोधत होता, हे मला आजही माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात टाइप केलेली दहावीची प्रश्नपत्रिका मी त्याच्यातूनच बदलून घेतली होती. मी त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं आधीच सांगितलंत, मी नवी काढते, टाइप तुम्हीच करा.

फोन ठेवला आणि मला हसूच फुटलं. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी सांगितलं. त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाल्या, आता पुढचा कोण येतो बघू.