पाहुणे थांबले की टाळ्या

पारोळ्याजवळच्या एका शाळेत आम्ही तिघे कवी कविता ऐकवायला गेलो होतो. मुख्याध्यापकांनी मुलांना आधीच बजावलं होतं, की पाहुणे थांबले की टाळ्या वाजवायच्या. मी पहिली ओळ म्हणून श्वास घेतला, टाळ्या. पाणी प्यायलो, टाळ्या. चष्मा पुसला, तरी टाळ्या! एरवी टाळ्यांवर जीव टाकणारा मी त्या दिवशी त्यांना पार वैतागलो. कविता एकाच्याही कानात शिरेल तर शपथ.

शेवटी कागद घडी करून खिशात कोंबला आणि माझी अहिराणी कविता तोंडपाठ सुरू केली. तीत आमची आई कपाशीत शिरलेल्या म्हशीला शिव्या देते, आणि म्हशीच्या निमित्तानं वडिलांनाही. पोरं हसून लोळायची तेवढी बाकी राहिली. मध्येच मी दम घ्यायला थांबलो, तर एकही टाळी नाही. मुख्याध्यापकांना राहवेना. ते स्टेजवरूनच खेकसले, "अरे, टाळ्या!"

पुढच्या रांगेतली एक मुलगी माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "थांबा ना सर, आयकू द्या!"